कालिक म्हाताऱ्याला कोणी मारलं?

"अहो, पान उलटू नका ना... एक ओळ राहिलीय माझी!"

एसेनच्या तोंडून हे निघून गेलं आणि मग त्याने जीभ चावली. किर्गिझस्तानात, बिश्केकहून नारिनमार्गे अत-बाशीला निघालेली मिनीबस. बाहेर पाऊस म्हणावा की बर्फ, असलं काहीतरी पडत होतं. काचांवर वाफ धरलेली. आणि शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी मुलगी, मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन. हा बापडा इतका वेळ मान तिरकी करून तिच्या पुस्तकातून फुकटात वाचत होता.

मुलीने सावकाश मान वळवली. "म्हणजे कोचकोरपासून तुम्ही माझं पुस्तक वाचताय?"

"कोचकोरच्या आधीपासून. म्हातारा मेला ना, तेव्हापासून."

"आणि किती हळू वाचता हो! मघापासून मी पानाच्या तळाशी येऊन नुसती थांबतेय."

"थांबत होतात? माझ्यासाठी?"

"छे! कोण म्हणालं?" म्हणत ती कानापर्यंत लाल झाली. पण पुढचं पान उलटताना तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलंच... याचं वाचून झालंय ना.

कादंबरी होती लढाईच्या दिवसांतली, रहस्याची. त्रेचाळीस सालचा हिवाळा, डोंगरातलं एक गाव, तरणेताठे सगळे आघाडीवर. मेलेल्यांची नावं कचेरीत येत आणि कचेरी ती कालिक म्हाताऱ्याला सांगे. कारण मरणाची बातमी आमच्याकडे कोणी तोंडावर फेकत नाही. जाणता माणूस जातो, बसतो, चहा घेतो आणि आडून आडून सुरुवात करतो... एक ससाणा होता, उडाला, हातावर परत बसला नाही. ऐकणाऱ्याला हळूहळू उमजत जातं. तर हा कालिक एका सकाळी मेंढ्यांच्या वाड्यात मरून पडलेला सापडतो, डोकं फुटलेलं. मारलं कोणी?

"कोठारवाल्याने," मुलगी ठामपणे म्हणाली. "धान्य चोरत होता मेला. म्हाताऱ्याने पाहिलं असणार."

"मला नाही वाटत. म्हातारा त्या दिवशी कोणाच्या घरी निघाला होता, ते आधी बघायला हवं."

"त्याच्याशी काय संबंध?"

डोलोनचा घाट सुरू झाला होता आणि एसेनने डावा हात खिशात सरकवला. त्या हाताला दोन बोटं कमी होती.

"यंत्रात गेली का?" तिने हळूच विचारलं. म्हणजे पाहिलं होतं तर.

"हो. मॉस्कोत. बांधकामावर."

"मॉस्को?" तिने पुस्तक मिटलं. "माझा भाऊ तिकडेच आहे हो! तिलेक. तोही बांधकामावरच. सप्टेंबरपासून फोन नाही त्याचा. अत-बाशीचा तिलेक, उंच, जरा वाकून चालतो... तुमच्या कधी कानावर..."

एसेनने नजर मिटलेल्या पुस्तकावर वळवली. कारण तो निघाला होता तो तिलेकच्याच घरी, आणि निघाला होता ते तिलेक मेला हे सांगायला. दोघे एका खोलीत राहिले होते, एकाच भिंतीला गिलावा केला होता. मग रशियन पासपोर्टच्या नादाने दोघांनी एकाच दिवशी तिकडच्या फौजेच्या कागदांवर सही केली. निम्मी जबरदस्ती, निम्मी लालूच. आणि दोघांना एकाच ट्रकमधून परक्याच्या लढाईवर नेलं. तिलेक तिथे राहिला, तिथल्याच मातीत. एसेन दोन बोटं देऊन सुटला. आणि असल्या लढाईतून आलेल्याला आमच्या देशात तुरुंग आहे, हे कोण जाणत नाही?

बोलायचं तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तिचे डोळे असे काही आशेने त्याच्याकडे लागले होते की... "मॉस्को फार मोठं आहे हो," तो म्हणाला.

"हो. तेही खरंच," ती म्हणाली आणि वाफ धरलेल्या काचेवर बोटाने उगाच रेघा ओढत बसली. थोड्या वेळाने तिने आपणहून नाव सांगितलं. बुरुल.

अत-बाशीला उतरेपर्यंत एसेनला कामही मिळालं होतं. बुरुल ज्या कार्यशाळेत नमदे, म्हणजे लोकर दाबून केलेले गालिचे, शिवायची, तिथली एक भिंत ओल धरून ढासळत चालली होती, आणि "गिलावा करणारा माणूस मिळतोय कुठे आजकाल? सगळे तिकडे!" म्हणून तिने त्याला तिथल्या तिथे ठरवून टाकलं. राहायला कार्यशाळेमागची कोठी. उद्या सांगू, असं एसेनने ठरवलं. उद्या घरी जायचं, बसायचं आणि सांगायचं.

आता या उद्याचं काय होतं, ते काय सांगायला हवं?

कार्यशाळा कालिपा एजेची. साठीची बाई, विधवा, गावात सगळ्यांची 'एजे', म्हणजे थोरली बहीण, आणि जिभेला हाड नाही. बायका गोल बसून रंगीत नमद्याचे तुकडे शिवायच्या, आणि एकीने मोठ्याने वाचायचं अशी तिथली जुनी रीत. वाचायला बुरुल. "तिच्या टाक्यांपेक्षा तिचा आवाज बरा," कालिपा एजे सांगायची. "शिवायला बसवली तर गिऱ्हाईक परत येत नाही."

एसेन शिडीवर भिंत खरवडत असायचा आणि खाली त्रेचाळीस सालचा हिवाळा चालू असायचा. लंगडा तपासनीस गावात येतो, घरोघर चहा पितो, कोणी खरं बोलत नाही. बायका मध्येच सुई थांबवून भांडायच्या. कोठारवाला! छे, डोंगरात लपलेला तो पळपुटा! बुरुल वाचता वाचता मान वर करायची, एसेनची थापी भिंतीवर थांबलेली असायची, आणि ती म्हणायची, "वरच्या मजल्याचं काय मत आहे?"

"वरच्या मजल्याचं मत तेच. ज्या घरी बातमी न्यायची होती, त्या घरातलं कोणीतरी."

"त्या घरात एकटी म्हातारी उलजान आहे! आई आहे ती! आई कशाला मारेल?"

"पैज?"

बायकांनी एकच गलका केला. बुरुलने पुस्तकात बोट अडकवलं आणि हनुवटी वर केली. "पैज. मी जिंकले तर शिडीवरून उतरून एक आख्खा नमदा शिवायचा, आठ बोटांनी."

"चालेल. आणि मी जिंकलो तर..." एसेनचा आवाज जरा अडकला. "तर मी एक गोष्ट सांगेन. ती तुम्ही शेवटपर्यंत ऐकायची. मध्ये थांबवायचं नाही."

गोलातली एक बाई फिस्सकन हसली. दुसरीने तिला कोपराने ढोसलं. बुरुल इतकी लाल झाली की तिला पुढची ओळच सापडेना. हा काय सांगणार, ते कार्यशाळेतल्या सगळ्यांना कळलं होतं... म्हणजे कळलंय असं वाटलं होतं. शिडीवर एसेनला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रेम काय सांगून सवरून येतं? ती त्याच्यासाठी रुमालात तळलेल्या कणकेचे गरम बोर्सोक बांधून आणायची आणि "उरले होते" म्हणायची. तो तिच्या बसायच्या जागेमागची भिंत सगळ्यात आधी वाळवायचा. एकदा शिडीवरून उतरताना त्याचा तोल गेला, तिने हात धरला, आणि नेमका डावाच हात धरला गेला. त्याने तो ओढून घेतला. तिने परत धरला.

"लपवतोस कशाला?" तिने विचारलं. 'तुम्ही' त्या दिवशी गळून पडलं ते पडलंच.

"बघवत नाही लोकांना."

"मी लोक आहे?"

बाहेर छपराचं बर्फ वितळून टपटप गळत होतं. एसेन म्हणाला, "नाही. तू लोक नाहीस." आणि हे एक वाक्य खरं बोलायला मिळालं म्हणून त्याचा ऊर भरून आला.

पण संध्याकाळी ती त्याला घरी घेऊन जायची. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात फक्त आई, झुउरा अपा. ती दुधाचा खारट चहा पुढे करायची आणि मोजे विणता विणता विचारायची, "तिकडे थंडी फार का रे? आमच्या तिलेकचे पाय फार गारठतात. लहानपणापासून." एसेन म्हणायचा, "मोजे चांगले जाड झालेत, अपा."

"तू आलास की घरात पुरुषमाणूस असल्यासारखं वाटतं बघ," अपा एकदा म्हणाली. त्या दिवशी तो कोठीत परतला आणि तोंडात टोपी कोंबून रडला.

कालिपा एजेने त्याला गाठलं ते दुपारी, बायका जेवायला गेलेल्या असताना. तो गिलावा कालवत होता. तिने सरळ त्याचं मनगट धरलं आणि हात उजेडात फिरवला.

"यंत्राने बोटं कापली की कड सरळ असते. माझा नवरा अफगाणिस्तानच्या लढाईतून असाच हात घेऊन आला होता. कोणाची बातमी आणलीस, पोरा?"

एसेन खाली बसला. चुन्याच्या पाण्यातच बसला. "तिलेकची."

एजेने डोळे मिटले. तिचे ओठ थोडा वेळ हलले, प्रार्थना असावी. मग डोळे उघडले तेव्हा त्यात आग होती. "आणि तू त्या घरचं मीठ खातोयस! त्या माउलीसमोर बसून चहा ढोसतोयस!"

"रोज ठरवतो एजे..."

"तुरुंगाची भीती?"

"आधी तीच होती." त्याने मान खाली घातली. "आता तुरुंगाचं काही नाही. कळल्यावर ती माझ्याकडे बघणार नाही."

"मग काय लग्नात सांगशील? की पोरं झाल्यावर?" एजेने त्याचं मनगट सोडलं. "ऐक. उद्या पुस्तक संपतंय. परवा सकाळी मी गावातले म्हातारे घेऊन झुउराच्या दारात जाणार. त्याआधी बहिणीला कळलं पाहिजे. आईला सावरायला कोणीतरी उभं असावं लागतं. परवा तू यायचंस की नाही, ते तुझं तू बघ. तुझं नाव न घेताही बातमी सांगता येईल. पण बुरुलला तूच सांगायचं."

"मला त्या भाषेत बोलता येत नाही एजे. ससाणे नि काय. मी गवंडी माणूस."

"मग गवंड्यासारखं सांग."

दुसऱ्या दिवशी बायकांनी सुया हातातसुद्धा घेतल्या नाहीत. बुरुलने शेवटचं प्रकरण उघडलं. लंगडा तपासनीस उलजानच्या घरी बसलाय, बाहेर बर्फाचं वादळ, आणि उलजान आपणहून बोलायला लागते. "तो आला, बसला, मी चहा दिला," बुरुल वाचत होती. "म्हणाला, उलजान, एक ससाणा होता... मी म्हटलं, कालिक, पुढे बोलू नकोस. तो म्हणाला, ससाणा उंच उडाला. मी म्हटलं, तुझ्या पाया पडते, पुढे बोलू नकोस. तो बोलतच राहिला. माझ्या हातात मुसळ होतं. मागून मीच त्याला वाड्यात ओढत नेलं. त्याचं बोलणं पुरं झालं नाही, म्हणजे माझा पोरगा मेला नाही. मेलाय का साहेब? कोणी सांगितलंय मला?"

बुरुलने डोळे पुसले आणि वाचत राहिली. गोलातल्या बायका डोक्यावरच्या रुमालाने नाकं पुसत होत्या. त्या तपासनिसाने पुढे काय केलं ते कोणी धड ऐकलंच नाही. कालिपा एजे उठली. "चला ग, चहा टाकलाय माझ्या घरी. सगळ्या चला." एकीने मागे वळून डोळा मिचकावला, तशी एजेने तिला दंडाला धरून बाहेर नेलं.

खोलीत दोघेच उरले.

"जिंकलास," बुरुल म्हणाली. डोळे अजून ओले, पण त्यात हसू उतरायला लागलं होतं. तिने कपाळावरची बट मागे सारली, ती परत पुढे आली. "सांग आता तुझी ती गोष्ट. मी नाही थांबवणार."

एसेन तिच्यासमोर नमद्यावर बसला. "एक... एक ससाणा होता."

"अगं बाई! कालिकची भाषा?" ती हसली. "इतकं आडून? सरळ म्हण ना..."

"उंच होता. जरा वाकून चालायचा."

बुरुलचं हसू तिथेच राहिलं. हळूहळू ओसरलं. समोर नमदे कापायची जड कात्री पडली होती. तिने ती घट्ट धरली, बोटं पांढरी होईपर्यंत, आणि एसेनने ते पाहिलं. हललाही नाही. तिने कात्री सोडली, दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बोल," ती म्हणाली. "पैज हरलेय मी. शेवटपर्यंत बोल."

आणि त्याने सांगितलं. सही, ट्रक, तो खंदक, तो धूर. तिलेकने शेवटी काय मागितलं... पाणी मागितलं, आणि ते होतं, आणि दिलं. कुठे पुरलं, खुणेला कसला दगड ठेवला. ससाण्याची भाषा केव्हाच सुटली होती. गवंड्यासारखा, एकावर एक, तो सांगत गेला. बुरुलने एकदाही थांबवलं नाही.

"बसमध्ये तुला माहीत होतं?"

"हो."

"आमच्या घरी चहा पीत होतास तेव्हा?"

"हो."

"माझ्या आईने मोज्याचं माप तुझ्या पायावर घेतलं... तेव्हा?"

"हो, बुरुल."

ती उठून उभी राहिली. त्याने हात पुढे केला, तिने तो झिडकारला. "मला तू आवडायला लागला होतास रे! इतका आवडायला लागला होतास की मी तिलेकला फोनवर काय सांगायचं ते पाठ करत होते! आता हे दोन्ही मी कुठे ठेवू? सांग ना!"

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," एसेन म्हणाला. याहून वाईट वेळ कुठली असणार होती? पण तो म्हणाला. "हे खोटं नव्हतं. एवढं एकच खोटं नव्हतं."

ती बाहेर गेली. शाल आतच राहिली.

सकाळी चौकात बिश्केकची मिनीबस उभी होती आणि एसेन पिशवी घेऊन तिच्यापाशी उभा होता. ड्रायव्हरने विचारलं, बसतोस का? त्याने बसलेल्या लोकांकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. बसलं की संपलं. कोणी हाक मारणार नव्हतं. मग पिशवी खांद्यावर टाकून तो उलट्या दिशेने चालू लागला.

झुउरा अपाच्या अंगणात पांढऱ्या टोप्यांचे म्हातारे उभे होते. आमच्याकडे इतके म्हातारे सकाळी सकाळी एकत्र दारात आले की बाईला वेगळं सांगावं लागत नाही. अपा उंबऱ्यात उभी होती, हातात विणकाम तसंच. मागे बुरुल, डोळे सुजलेले, आईच्या कमरेला हात घालून. गर्दीत शेजारचा पोलीसही होता, शेजारी म्हणून आलेला, पण अंगात वर्दी.

सगळ्यात म्हाताऱ्याने घसा साफ केला. "झुउरा... एक ससाणा..."

"कोणी पाहिलं?" अपाने त्याला तोडलं. आवाज विचित्र शांत होता. "ते आधी सांगा. तो एकटा होता का? माझं लेकरू एकटं होतं का?"

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. एसेन गर्दीतून पुढे आला आणि त्याने टोपी काढली.

"नाही अपा. एकटा नव्हता. मी होतो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

पोलिसाने त्याच्याकडे पाहिलं, डाव्या हाताकडे पाहिलं. त्याला समजायचं ते समजलं. अपा पुढे आली, तिने एसेनचा चेहरा दोन्ही हातांत धरला, खूप वेळ पाहत राहिली, आणि मग जो हंबरडा फोडला तो पार नदीपलीकडे गेला असेल. बायकांनी तिला आत नेलं. आतून बायकांच्या विलापाचा सूर सुरू झाला.

आता बाहेर पुरुषांनी उभं राहायचं असतं. घरच्या पुरुषांनी. दाराशी, काठीवर ओणवं होऊन, येणाऱ्या प्रत्येकासमोर मोठ्याने रडत. बाप, भाऊ, मुलगा. या घरात कोण होतं? दाराशी कोणीच नव्हतं. सांत्वनाला आलेले लोक फाटकापाशी अडखळले. रडणारा नाही तर गळ्यात कोणाच्या पडायचं?

"घरचं कोणी आहे का?" म्हाताऱ्याने आत हाक दिली.

बुरुल बाहेर आली. डोक्याला काळा रुमाल, हातात वडिलांची जुनी काठी. अंगण ओलांडून ती थेट एसेनपाशी गेली आणि ती काठी तिने त्याच्या डाव्या, तुटक्या हातात दिली.

"हा कोण लागतो तुमचा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"माझा होणारा नवरा," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "घरचाच आहे. रडू दे त्याला."

पोलिसाने वर्दीची टोपी काढून काखेत घेतली आणि खाली बघत राहिला. आज तरी तो शेजारीच राहणार होता. उद्याचं उद्या.

बुरुल वळली, आणि फक्त एसेनला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "माफ नाही केलंय मी. कधी करेन ते माहीत नाही. त्यांनी तुला नेलं तरी सुटून इथेच यायचं. कळलं?"

"कळलं."

ती आत गेली. एसेन दाराशी जाऊन उभा राहिला, काठीवर ओणवा झाला. फाटकातून पहिला माणूस आत येत होता. "माझ्या भावा," तो ओरडला, "माझ्या भावा रे!" आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने, कोणापासून काहीही न लपवता, रडला.